‘घटती कार्यवाही’ आणि आपले ई-मेल

मंडळाच्या मागील बैठकीत एका ज्येष्ठ सभासदांनी अशी खंत व्यक्त केली की, ई-मेल आला आणि मराठी पत्र संपले. सभागृहात माना डोलल्या, टाळ्याही पडल्या. आम्हांला मात्र त्या टाळ्यांत सामील होता आले नाही. त्याचे कारण तेथे उभे राहून दोन मिनिटांत सांगण्याजोगे नव्हते, म्हणून हा लेखप्रपंच.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. ई-मेलने मराठी पत्र मारलेले नाही. पत्रातून नेमके काम सांगावे, सांगितलेल्याची जबाबदारी घ्यावी आणि वाचणाऱ्याच्या वेळेची कदर करावी, ही रीत आपण ई-मेल येण्याच्या कितीतरी आधी सोडून दिली होती. कचेरीच्या कागदावर मोघम लिहिण्याची जी सवय आपल्या हाताला जडली, तीच आपण उचलून संगणकाच्या पडद्यावर नेली. वाईट ई-मेलमध्ये भाषेचा दोष थोडा असतो. लिहिणाऱ्याने जे सांगायचे ते सांगण्याचे टाळलेले असते, हा खरा दोष. आणि या दोषाचे माप दुसऱ्या कोणाच्या पदरात टाकण्यापूर्वी ते आम्ही स्वतःच्याच पदरात घेणार आहोत.

प्रथम एक शंका दूर करू. ई-मेल कसा लिहावा, हा काय साहित्यसंस्थेच्या त्रैमासिकाचा विषय आहे, असे कोणी विचारील. बडोद्यात राहणाऱ्याने तरी हा प्रश्न विचारू नये. याच नगरीच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत १९२५ साली ‘लेखपद्धति’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात आहे काय? मध्ययुगीन गुजरातेतील दानपत्रे, खरेदीखते, करार आणि खासगी पत्रे यांचे नमुने. कागद कसा लिहावा हे शिकविण्यासाठी ते कोणीतरी जमविले, आणि काही शतकांनंतर आपल्या पूर्वसूरींना ते छापण्याजोगे वाटले. १९३१ साली सयाजीराव महाराजांच्या संस्थानाने ‘श्री सयाजी शासन शब्द कल्पतरु’ काढला. कारभारातील इंग्रजी शब्दांना गुजराती, मराठी, संस्कृतासह सात भाषांतील पर्याय त्यात दिले आहेत. त्याही मागे जायचे तर शिवछत्रपतींच्या आज्ञेवरून रघुनाथ पंडितांनी केलेला ‘राज्यव्यवहारकोश’ आहे, आणि हेमाद्रीच्या नावाशी जोडलेली मेस्तके आहेत. पत्र कसे लिहावे, कोणाला कोणता मायना घालावा, याचे नियम ती मेस्तके सांगतात. कारभाराचे लेखन ही आपल्या परंपरेत हलकी गोष्ट कधीच नव्हती. ती हलकी मानली ती आपल्या पिढीने. कथा-कवितेला आपण व्यासपीठ दिले आणि रोजच्या पत्राला वाऱ्यावर सोडले.

जुन्या मोडी पत्राची घडण आठवून पाहावी. आरंभी मायना असे. तो लांब असला तरी ठरीव असे, त्यामुळे वाचणाराची नजर त्यावर अडखळत नसे. कुशलाचे एखादे वाक्य झाले की ‘विशेष’ हा शब्द येई, आणि त्या एका शब्दाने वाचणारा सावध होई की आता मुद्दा आला. मुद्दा संपला की ‘लेखनसीमा’. पत्र कोठे संपते हे लिहिणाऱ्याने स्वतः सांगितलेले असे. त्यापुढे कोणी काही घुसडू नये हा त्यातील हेतू. सौजन्याला जागा, मुद्द्याला जागा आणि शेवटाला जागा! आजच्या उत्तम ई-मेलला याहून निराळे काय लागते?

आता आमची कबुली. आम्ही १९८३ साली गुजरात शासनाच्या सेवेत रुजू झालो आणि नियत वयोमानानुसार निवृत्त झालो. घरात मराठी, कचेरीत गुजराती, आणि वरिष्ठांची मर्जी राखण्यापुरते इंग्रजी, असा आमचा तीन भाषांचा संसार. सेवेच्या पहिल्याच वर्षी आमच्या हेडक्लार्कनी आम्हांला एक शब्दप्रयोग शिकविला : ‘घटती कार्यवाही’. गुजरातीत ‘घटती’ म्हणजे योग्य, उचित. कोणताही कागद कोणाकडेही धाडायचा असेल तर शेवटी लिहावे, ‘घटती कार्यवाही करण्यास विनंती’. म्हणजे काय करायचे ते लिहावे लागत नाही, कोणी करायचे ते लिहावे लागत नाही आणि कधीपर्यंत करायचे तेही लिहावे लागत नाही. घरी येऊन आम्ही हा शब्द सांगितला तेव्हा आमच्या मातोश्रींनी तो मराठीतच ऐकला. त्या म्हणाल्या, “घटती म्हणजे कमी कमी होत जाणारी ना रे?” आम्ही हसलो. त्यांनी केलेला अर्थच खरा होता, हे कळावयास आम्हांला सत्तावीस वर्षे लागली.

२०१० साल असेल. एका कार्यालयातील शिपाई सेवेत असताना वारला. त्याच्या विधवेचे नाव सेवापुस्तकात एक आणि शिधापत्रिकेत दुसरे. एवढ्याशा फरकावरून तिचे कुटुंब-निवृत्तिवेतन अडले. प्रकरण आमच्या टेबलावर आले. आम्ही तत्परतेने, त्याच दिवशी, तीन कार्यालयांना एक ई-मेल पाठविला. तत्परतेचा अभिमानही वाटला, कारण टपालाने गेला असता तर त्याच कागदाला आठवडा लागला असता. ई-मेलचा विषय होता, ‘पेन्शन बाबत’. मजकूर असा की, उपरोक्त विषयाच्या अनुषंगाने सोबतच्या कागदांचे अवलोकन करून आपल्या स्तरावरून नियमानुसार घटती कार्यवाही करण्यास विनंती आहे. खाली आमची सही, हुद्दा आणि चौदा पानांचे जोडपत्र.

पहिल्या कार्यालयाला वाटले, काम दुसऱ्याचे आहे. दुसऱ्याला वाटले, आपल्याला प्रत माहितीसाठी आली आहे. तिसऱ्याने जोडपत्र उघडलेच नाही. कोणीही खोटे बोलले नाही, कोणी पैसे मागितले नाहीत, नियमाचा भंगही कोणी केला नाही. सात महिने गेले. ती बाई डभोई बाजूच्या एका गावाहून दर महिन्याला एस. टी.ने यायची आणि दाराशी उभी राहून एकच विचारायची, “साहेब, माझा कागद कोणाच्या टेबलावर आहे?” आम्ही प्रामाणिकपणे सांगायचो की, आम्ही पाठविला आहे. आठव्या महिन्यात काम झाले. परंतु तोवर तिच्या धाकट्या मुलाने शाळा सोडून चहाच्या गाडीवर काम धरले होते. तो पुन्हा शाळेत गेला नाही. या गोष्टीचा उल्लेख कोणत्याही फायलीत नाही. येथे तरी तो असावा, म्हणून लिहिला.

आमच्या त्या ई-मेलमध्ये व्याकरणाची एकही चूक नव्हती, हे ध्यानात घ्यावे. भाषा शुद्ध होती, विनम्र होती, शासकीय शिष्टाचाराला धरून होती. फक्त तिच्यात काम नव्हते. तो ई-मेल असा लिहिता आला असता :

‘विषय : दिवंगत शिपायाचे कुटुंब-निवृत्तिवेतन, दोन कागद १५ जूनपर्यंत पाठविण्याबाबत.

आपल्या कार्यालयातील दिवंगत शिपायाच्या पत्नीचे नाव सेवापुस्तकात आणि शिधापत्रिकेत वेगवेगळे असल्यामुळे निवृत्तिवेतनाची मंजुरी थांबली आहे. कृपया पुढील दोन कागद १५ जूनपर्यंत आमच्याकडे पाठवावेत : (१) नावातील फरकाबाबत त्यांचे प्रतिज्ञापत्र, (२) सेवापुस्तकातील कुटुंबाच्या तपशिलाच्या पानाची साक्षांकित प्रत. हे काम आपल्या कार्यालयाचे आहे; अन्य दोन कार्यालयांना प्रत केवळ माहितीसाठी दिली आहे. यात काही अडचण असल्यास कृपया लगेच कळवावे.’

एवढेच. हे लिहावयास पाच मिनिटे अधिक लागली असती. मग आम्ही ते का लिहिले नाही? येता येत नव्हते म्हणून नव्हे. ‘हे काम आपल्या कार्यालयाचे आहे’ असे लिहिण्यासाठी ते कोणाचे आहे हे आधी आम्हांला शोधावे लागले असते. कोणते दोन कागद हवेत हे लिहिण्यासाठी ती चौदा पाने आम्हांलाच वाचावी लागली असती. आणि ‘१५ जून’ लिहिले की १६ जूनला विचारणा करण्याची जबाबदारी आमच्यावर आली असती. मोघम भाषा ही अशी आळसाची आणि भीतीची सोय आहे. तिच्यावर विनयाची शाल पांघरलेली असते, इतकेच.

म्हणून स्पष्ट ई-मेलचे नियम हे लेखनकौशल्याचे नियम आहेत, असे आम्ही मानीत नाही. प्रत्येक नियम म्हणजे लिहिणाऱ्याने स्वतःला विचारलेला एक अवघड प्रश्न आहे.

विषयाची ओळ घ्या. ‘नमस्कार’, ‘महत्त्वाचे’, ‘पेन्शन बाबत’ हे विषय नव्हेत. ज्याच्या पेटीत दिवसाला शंभर पत्रे पडतात, तो मोबाइलच्या पडद्यावर विषयाचे पहिले चार-सहा शब्द पाहून ठरवितो की हे आता उघडायचे की नंतर. आणि ‘नंतर’ म्हणजे काय ते आपण जाणतोच. त्या चार-सहा शब्दांत काय हवे आणि केव्हा, हे मावत नसेल तर बहुधा आपल्यालाच ते ठाऊक नसते.

मजकुराचे पहिले वाक्य घ्या. आपल्याकडे पार्श्वभूमीपासून आरंभ करण्याची रूढी आहे : ‘सन अमुकमध्ये तमुक ठराव झाला होता, त्यानंतर...’ वाचणारा तिसऱ्या परिच्छेदापर्यंत पोहोचेतो त्याच्या दारात दुसरा माणूस उभा असतो. मागणी आधी लिहावी, कारण मागाहून द्यावे, आणि इतिहास हवा असेल त्यालाच द्यावा. एका ई-मेलमध्ये एकच विषय असावा. दोन घातले तर उत्तर सोप्याचे येते आणि अवघड विषय तसाच राहतो. तारीख तारखेसारखी लिहावी. ‘लवकरात लवकर’ ही तिथी कोणत्याही पंचांगात नाही. आणि जुन्या बारा पत्रांची माळ खाली तशीच ठेवून वर ‘खालील मेल पाहावा’ एवढेच लिहून पुढे ढकलणे ही तर शुद्ध बेपर्वाई होय. आपण न केलेले वाचन दुसऱ्यावर लादण्याचा तो प्रकार आहे.

प्रतींविषयी थोडे अधिक लिहितो, कारण आमचा अपराध तेथे घडला. ई-मेलमधील ‘सीसी’ हे ‘कार्बन कॉपी’चे लघुरूप. आमच्या उमेदवारीच्या काळात टंकलेखन यंत्रात खरोखरच कार्बन लागे. चौथी प्रत पुसट येई, पाचवी वाचताच येत नसे, आणि सहावी मागितली तर टंकलेखकाच्या कपाळाला आठी पडे. त्यामुळे प्रत कोणाला द्यायची याचा विचार होई. आता प्रतीला खर्च नाही. म्हणून तीस जणांना प्रत जाते आणि तिसांपैकी प्रत्येक जण उरलेल्या एकोणतिसांकडे पाहतो. १९७१ साली रे टॉमलिन्सन या अभियंत्याने एका संगणकावरून दुसऱ्या संगणकाला संदेश धाडला आणि पत्त्यासाठी ‘@’ हे चिन्ह योजिले. त्या चिन्हाच्या डावीकडे माणूस, उजवीकडे त्याचा संगणक. माध्यम असे एका माणसाच्या नावाने जन्माला आले. त्याला निनावी जमावाचे माध्यम आपण बनविले.

आता आक्षेप. पहिला असा की, इतके थेट लिहिणे उद्धटपणाचे वाटते. मराठी मनाला ते रुचत नाही. हा आक्षेप आम्ही गंभीरपणे घेतो. वडीलधाऱ्या सभासदांना ‘१५ तारखेपर्यंत लेख पाठवा’ असे लिहिताना आमचाही हात थबकतो. पण ‘कृपया’, ‘आपण’, ‘पाठवावा’ हे शब्द मराठीत आहेतच, आणि त्यांनी थेट मागणीही आदबीची होते. ‘आदरणीय काका, दिवाळीपूर्वीच्या अंकासाठी आपला लेख १५ तारखेपर्यंत मिळाल्यास छपाईला सोयीचे होईल’ यात उद्धट काय आहे? उलट वृद्ध माणसाला मोघम पत्र पाठवून दोनदा फोन करावयास लावणे, हा आमच्या मते मोठा अविनय होय.

दुसरा आक्षेप तरुणांचा. व्हॉट्सॲपच्या जमान्यात ई-मेल कोण लिहितो, असे ते म्हणतात. बँक, विमा कंपनी, विद्यापीठ, पारपत्र कार्यालय यांच्याशी तंटा पडू द्या, मग कळेल. ‘मी सांगितले होते’ याला तेथे किंमत नसते. केव्हा, कोणाला आणि काय लिहिले होते याला असते. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० या कायद्याने इलेक्ट्रॉनिक अभिलेखाला मान्यता दिली, ती याचसाठी. आणि आता तर यंत्रच ई-मेल लिहून देते, असेही कोणी सांगतात. खरे आहे; आम्हीही ते पाहिले आहे. एका ओळीच्या पाच सफाईदार ओळी ते करून देते. परंतु कोणते कागद हवेत, काम कोणाचे आहे आणि तारीख कोणती, हे आपण ठरविल्याखेरीज ते यंत्र तरी काय लिहिणार? ठरविण्याचे टाळणाऱ्याला ते अधिक गोंडस ‘घटती कार्यवाही’ लिहून देईल, एवढेच.

तिसरा आक्षेप आम्हांला सर्वांत अधिक बोचतो, कारण तो आपल्या घरातला आहे. कामाचे लेखन मराठीत होत नाही. ते इंग्रजीत किंवा गुजरातीतच करावे, असे आपलेच लोक म्हणतात. एके काळी याला तांत्रिक कारण होते. आपण एका फाँटमध्ये मराठी लिहावे आणि समोरच्याच्या पडद्यावर चौकोन नि प्रश्नचिन्हे उमटावीत, हे आम्ही भोगले आहे. युनिकोडमुळे ती अडचण गेली. आज साध्या मोबाइलवर देवनागरी उमटते आणि बोलूनही लिहिता येते. कारण गेले, सवय मात्र राहिली. बडोद्यातील बँकेला आपण मराठीत लिहावे, असे आम्ही म्हणत नाही. पण मंडळाच्या चिटणीसांना, पुण्याच्या प्रकाशकाला, इंदूरच्या व्याह्यांना, परदेशी असलेल्या भाच्याला? तेथे कोण अडवितो? रोमन लिपीतली अर्धीमुर्धी मराठी, किंवा सरळ इंग्रजी, ही तेथे आपण होऊन पत्करलेली माघार आहे.

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसाला याचे गांभीर्य अधिक कळावे. आपल्याकडे भाषेला राज्याचा आधार नाही. ती टिकली आहे ती घरांच्या आणि मंडळांच्या बळावर. जी भाषा केवळ गणेशोत्सवाच्या निमंत्रणाला, श्रद्धांजलीला आणि कविसंमेलनाला उरते, तिच्यात काम सांगण्याची ताकद हळूहळू नाहीशी होते. ‘हे मला हवे आहे, या दिवशी हवे आहे, या कारणासाठी हवे आहे’ असे ज्या भाषेत सांगता येईनासे होते, तिच्यात मुले पुढे भांडतही नाहीत आणि हिशेबही करीत नाहीत. आपल्या नातवंडांना मराठी कविता पाठ असते याचे आपण कौतुक करतो. ते नातवंड मराठीत चार ओळींचे कामाचे पत्र लिहू शकते काय, हे आपण कधी पाहिले आहे?

आणि मुलांना बोल लावण्यापूर्वी आपल्याच मंडळाचे ई-मेल पाहावेत. गेल्या व्याख्यानाची सूचना आली, तिची विषयाची ओळ कोरी होती. मजकुराच्या जागी ‘सोबत पत्रिका जोडली आहे’ एवढेच. पत्रिका म्हणजे फुलांच्या महिरपीतील चित्र. त्यात वक्त्यांच्या पदव्या ठळक आणि वेळ बारीक अक्षरांत. आणंदहून येणारे एक वृद्ध रसिक ते चित्र मोठे करून पाहू शकले नाहीत; ते दुसऱ्या दिवशी सभागृहाच्या बंद दारासमोर येऊन उभे राहिले. त्यांनी तक्रार केली नाही, हा त्यांचा मोठेपणा. आपण तो गृहीत धरू नये. वार, तारीख, वेळ आणि स्थळ या चार गोष्टी मजकुराच्या पहिल्या ओळीत साध्या अक्षरांत लिहिल्या असत्या, तर महिरपीचे काय बिघडले असते?

आमची मागणी लहान आहे, आणि जे इतरांना सांगितले ते पाळून ती नेमकेपणाने मांडतो. मंडळाच्या कार्यकारिणीने येत्या बैठकीत एक ठराव करावा : मंडळाच्या नावाने जाणाऱ्या प्रत्येक ई-मेलमध्ये विषयाची ओळ भरलेली असेल, काय हवे वा काय घडणार हे पहिल्या वाक्यात असेल, आणि उत्तर कोणी, केव्हापर्यंत द्यायचे हे लिहिलेले असेल. त्याचबरोबर पुढील तिमाहीत एका रविवारी सकाळी दोन तास सभासदांनी आपापले मोबाइल घेऊन बसावे आणि प्रत्येकाने एक खरे पत्र, खऱ्या माणसाला, मराठीत लिहून धाडावे. शिकविण्याचे काम आम्ही करू. चहाची व्यवस्थाही आम्ही करू.

हा ठराव मांडला जाईल तेव्हा कोणीतरी म्हणेल, ‘सूचना चांगली आहे, याबाबत योग्य ती कार्यवाही करण्यात यावी.’ त्या वेळी आम्ही उभे राहून विचारणार आहोत की, कोणी आणि कोणत्या तारखेपर्यंत? हे विचारणे सभेला उद्धटपणाचे वाटले तरी चालेल. सात महिने एक बाई आमच्या दाराशी हेच विचारीत होती, आणि तिला उत्तर देण्याइतका विनय आमच्यापाशी नव्हता.